चष्मेवाला वीर

बिबवेवाडीच्या बापूराव भिंताड्यांना तुम्ही सहज "काय, कसं काय?" म्हणून विचारलंत ना, की पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही रोममध्ये असता. आणि परत यायचं कधी, ते बापूराव ठरवणार. सोसायटीच्या कट्ट्यावर बसणारी मंडळी म्हणूनच ते जिन्यातून उतरताना दिसले, की पेपर उघडून तोंडासमोर धरतात. मग तो उलटा का असेना.

आता खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर फिटरचं काम केलेल्या माणसाला रोमच्या कुठल्याशा खानदानी घराण्याचं एवढं काय पडलंय, असं कोणालाही वाटेल. त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, तर निम्मा संसार होईपर्यंत हेच वाटत होतं. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण घेवडा आहे.

आज भिंताड्यांची इमारत उभी आहे तिथे बापूरावांच्या वडिलांचा घेवड्याचा मळा होता. मंडईत भिंताड्यांचा घेवडा म्हटलं की बायका भाव करायच्या नाहीत, असं बापूराव सांगतात. पुण्यातल्या बायका भाव करत नव्हत्या म्हटल्यावर बाकीच्या गोष्टीवरही ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, ते सोडा. पुढे शहर आलं, शहरामागून बिल्डर आला आणि भावकी पांगली. कोणी आंबेगावला बंगला बांधला, कोणी हडपसरला गाळे घेतले, एक पुतण्या तर थेट कॅनडात जाऊन बसला. बापूरावांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला, आणि त्याच्या खिडकीतून दिसणारं पार्किंग. त्यांची तक्रार नव्हती. कधीतरी खिडकीत उभे राहून "त्या पांढऱ्या गाडीपाशी विहीर होती" एवढंच म्हणायचे.

तर, मुलगा विश्वजीत दहावीला होता तेव्हाची गोष्ट. त्याला गाईड घ्यायला बाप-लेक बुधवार पेठेत गेले, अप्पा बळवंत चौकात. तिथे फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. विश्वजीतने ते मधेच कुठेतरी उघडलं, नाकावर घसरलेला चष्मा वर ढकलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागला.

"बाबा, रोममध्ये फाबियस नावाचं घराणं होतं. एकदम वरच्या दर्जाचं, सेनापती बिनापती सगळे. आणि लोक म्हणायचे, त्यांचं नाव शेंगांवरून पडलं. त्यांचे पूर्वज शेंगा लावायचे म्हणून."

"कसल्या शेंगा?"

"घेवड्यासारख्याच असतील कसल्यातरी."

बापूरावांनी पुस्तक हातात घेऊन वजन जोखलं. "म्हणजे आपल्यातलेच की रे," ते म्हणाले. पुस्तक घरी आलं. गाईड विसरलं. ते दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई जाऊन घेऊन आल्या, आणि आल्यावर बाप-लेकाला जे ऐकवायचं ते ऐकवलं.

तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की विश्वजीत चटईवर पालथा पडून ते पुस्तक वाचायचा. अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा आणि मराठीत सांगायचा. बापूराव भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. सोमवारी तीच गोष्ट कारखान्याच्या कँटीनमध्ये, बापूरावांच्या तिखट-मीठासकट. हिंदुराव नावाचा त्यांचा जोडीदार डबा उघडताना विचारायचा, "काय बापू, कालच्याला कुठवर आली तुमची भावकी?" विश्वजीत कॉलेजात गेला, नोकरीला लागला, ऋतुजाशी त्याचं लग्न झालं, तरी रविवारचं वाचन सुटलं नाही. पुस्तकही संपत नव्हतं. कारण एक पान वाचलं की बाप-लेक तासभर त्याच्यावर बोलत बसायचे.

विश्वजीतच्या चष्म्याच्या काचा कायम बोटांच्या ठशांनी माखलेल्या. त्याला त्यातून दिसायचं कसं, देव जाणे. त्याची मुलगी मैत्री चालायला लागली तशी तिने ते काम स्वतःकडे घेतलं. बाबाच्या अंगावर चढायचं, त्याचा चष्मा ओढून काढायचा, फ्रॉकच्या टोकाने खसाखसा पुसायचा आणि परत त्याच्या नाकावर वाकडा बसवायचा. मग विश्वजीत डोळे मोठे करून म्हणायचा, "अरे वा! आता दिसली मैत्री!" बापूरावांना ते बघायला फार आवडायचं. रोम तेवढा वेळ थांबलेला असे.

गोष्टींमध्ये बापूरावांची सगळ्यात लाडकी गोष्ट क्रेमेरा नदीची. ती ते अशी सांगत, की जणू परवाच पलीकडच्या गल्लीत घडली.

"शेजारी वेई नावाचं शहर होतं. रोज काहीतरी कुरापत. रोमचं सैन्य दुसरीकडे गुंतलेलं. तेव्हा हे फाबियस सभेत उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही कशाला तसदी घेता, वेईकरांचं आमची भावकी बघून घेईल. आणि निघाली की हो अख्खी भावकी! तीनशे सहा माणसं, सगळी एका आडनावाची. आमच्यात जमिनीच्या मोजणीला दोन चुलतभाऊ एकत्र येत नाहीत! नदीकाठी ठाणं केलं, जोरात लढले. पण शेवटी फसले. शत्रूने मुद्दाम गुरं मोकळी सोडली. हे गेले गुरांच्या मागे, इकडे तिकडे पांगले, आणि दबा धरून बसलेल्यांनी गाठलं. एकही माघारी आला नाही. घराण्यात उरलं एकच पोर, लहान म्हणून घरी ठेवलेलं. त्या एका पोरापासून पुढे सगळा वंश वाढला. रोमवर चालून आलेल्या हॅनिबलला ज्याने दमवला ना, तो त्याच पोराच्या वंशातला!"

मैत्रीने ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. पण तिला हॅनिबलचं काही नव्हतं. ती दर वेळी एकच विचारायची.

"आजोबा, सगळेच गेले, मग त्या मुलाला जेवायला कोण घालायचं?"

"ते पुस्तकात नाहीये."

"मग कशात आहे?"

पुस्तक लिहिणाऱ्यालाही ते सुचलं नव्हतं, त्याला बापूराव तरी काय करणार?

आणि मग चार वर्षांपूर्वी विश्वजीतला ताप आला. साधा ताप म्हणून चालत दवाखान्यात गेला, तो चालत परत आलाच नाही. मैत्री तेव्हा बालवाडीत होती. त्याबद्दल फार काय बोलायचं? तरणाताठा मुलगा डोळ्यांदेखत गेला. बापूरावांच्या काळजाचा तुकडा गेला, आणि मागे ते, मुक्ताबाई, ऋतुजा आणि मैत्री अशी चार माणसं एकमेकांची तोंडं चुकवत त्या घरात राहिली.

पुस्तक कपाटावर गेलं ते गेलंच. विश्वजीतने खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट होतं तिथेच राहिलं. बापूरावांची रोमची बडबड मात्र त्यानंतर दुप्पट झाली. लोकांना वाटे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं नव्हतं. फाबियसांचं नाव काढलं की बापूरावांना चटईवर पालथा पडलेला विश्वजीत दिसायचा. म्हणून ते कट्ट्यावर, दूधवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, कोणालाही धरून सांगत सुटायचे.

भिंताड्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत. तळहाताएवढेही नाहीत, पत्र्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती. खंडोबाचा, भवानीचा आणि एक घोड्यावर बसलेल्या वीराचा. घराण्यातला कोणी अकाली गेला, की त्याचा असा टाक करायचा, जेजुरीला खंडोबाच्या भेटीला नेऊन आणायचा आणि देवांच्या रांगेत बसवायचा, ही घरची रीत. विश्वजीतच्या वर्षश्राद्धाला मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, "अहो, टाकाचं बघा आता."

"थांब जरा," बापूराव म्हणाले होते.

थांबणं हे बापूरावांचं जुनं हत्यार. हॅनिबलसारखा वाघ अंगावर आला, तेव्हा त्या फाबियसाने समोरासमोर लढाईच दिली नाही. टेकड्यांवरून नुसता मागे मागे राहिला, लोक भित्रा म्हणाले तरी हलला नाही, आणि शेवटी त्याचंच बरोबर ठरलं. या एका गोष्टीच्या जोरावर बापूरावांनी गळका नळ, मोडकी खुर्ची आणि दाताचं दुखणं वर्षानुवर्षं पुढे ढकललं होतं. टाकाचंही तेच केलं. खरं सांगायचं तर त्यांना धीरच होत नव्हता. मुलाला देवांच्या रांगेत बसवलं, की तो गेला हे पक्कं झालं.

शिवाय आणखी एक होतं. देव्हाऱ्यातला तो जुना वीर कोण, हे आता घरात कोणालाच माहीत नव्हतं. नाव पुसलं, चेहरा तर कधी नव्हताच. सगळे वीर एकाच ठशातले. घोडा, तलवार, मिशा. रोममध्ये असं नव्हतं, हे बापूराव छातीवर हात ठेवून सांगायचे. तिथे मोठ्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करून दर्शनी चौकात कपाटात ठेवत. घरात कोणी गेलं की अंत्ययात्रेत माणसं ते मुखवटे घालून पुढे चालायची, सगळे वाडवडील नव्या माणसाला न्यायला आल्यासारखे. आणि चेहरे हुबेहूब. हॅनिबलवाल्या फाबियसाच्या ओठावर चामखीळ होती, तर त्याच्या मुखवट्यावरही ती असणारच, असं बापूरावांचं ठाम मत. "चामखिळीसकट माणूस जपायचे ते लोक," असं ते दर वेळी म्हणायचे.

असे दिवस चालले होते. आणि एका रविवारी मैत्री खाली खेळायला गेल्यावर ऋतुजा बापूरावांच्या समोर येऊन बसली. धुतलेल्या कपड्यांची बादली मांडीशी, पण एकही कपडा हातात नव्हता.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. माझ्या ऑफिसात केदार म्हणून आहे. अकोल्याकडचा. आम्ही लग्न करावं म्हणतोय. आईंना माहितीये."

बापूरावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला होता.

"कर की," ते म्हणाले. "तुझं वय आहे. आम्ही काय जन्माला पुरणार?"

ऋतुजाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बापूराव पुढे बोलले. रागावले किंवा हलले की त्यांच्या तोंडात शहर यायच्या आधीची बिबवेवाडी येते, तशी ती आली.

"पण मैत्री हितंच राहील. ती भिंताड्यांची हाय. शेवटची हाय."

ऋतुजाने बादलीतला मैत्रीचा फ्रॉक उचलला, झटकला, घडी घातली. "तिला सोडून मी कुठे जाणार, बाबा?" ती म्हणाली. "मग नाही करत लग्न. राहू द्या." आणि बादली उचलून गॅलरीत गेली. आदळआपट नाही, रडणं नाही. भांडली असती तर बापूरावांना बरं वाटलं असतं.

मुक्ताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण पुणेरी माणसाला आवाज चढवायची गरज कधी पडते?

"झालं समाधान? पोरीच्या तोंडावर कधी नाही ते हसू आलं होतं. ते तुम्हाला बघवलं नाही."

"अगं, तिला कुठे अडवलंय मी? मैत्री राहू दे म्हटलं."

"वासरू खुंट्याला बांधायचं आणि गाईला म्हणायचं, जा बाई, तुला कोणी अडवलंय!"

"मैत्री गेली की काय उरतंय आपल्याला? तिकडे जाऊन ती विसरणार त्याला. नवा बाप, नवं आडनाव. विश्वजीत नावाचा कोणी होता, हे सांगायला आपल्यामागे आहे कोण?"

मुक्ताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही तीच भीती होती. फक्त त्यांनी ती ऋतुजाच्या आड येऊ दिली नव्हती. "तो माझाही मुलगा होता," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

बापूरावांनी नेहमीप्रमाणे ठरवलं, थांबू. हॅनिबल दमला, तसा हा अकोल्याचा केदारही दमेल. किती क्षुद्र विचार! पण म्हातारपणी माणूस एकाच दोरीला लोंबकळत असला, की त्याला असलेच विचार सुचतात. त्याला दोष तरी किती द्यायचा?

आणि थांबणं अंगलट आलं ते मैत्रीमुळेच. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी बसून चित्र रंगवत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "आजोबा, बाबा बोलायचा कसा? म्हणजे आवाज कसा होता?"

"अगं, तुला आठवत नाही?"

"फोटोतला बाबा आठवतो. पण फोटो बोलत नाही ना."

मुलगी कुठेही गेली नव्हती, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तरी विसरत चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विश्वजीतचा एक फोटो खिशात घातला आणि कोणाला न सांगता बुधवार पेठ गाठली.

दगडूशेठच्या देवळापासून आत वळलं की एका बोळात दत्तोबांचं टाक घडवायचं दुकान आहे. दुकान कसलं, दत्तोबा आणि त्यांची हातोडी मावेल एवढी जागा. बापूराव बाहेरच्या स्टुलावर टेकले आणि काम सांगितलं. दत्तोबांनी मागच्या फळीवरून वीराचा ठसा काढून समोर ठेवला.

"हा नको," बापूराव म्हणाले. त्यांनी फोटो पुढे केला. "असा पाहिजे."

दत्तोबांनी फोटो बघितला, मग बापूरावांना बघितलं. "काका, फोटो स्टुडिओ पलीकडच्या गल्लीत आहे."

"चेहरा जमला नाही तरी चालेल. पण चष्मा पाहिजे."

"वीराला?"

"हो."

"घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन, डोळ्यांना चष्मा?"

"हो."

"माझ्या आज्यापासून आम्ही वीर घडवतोय. आजपर्यंत एकाचाही नंबर वाढला नव्हता."

पुण्यातल्या दुकानात असल्या उत्तराची कोणालाही सवय असते. पण त्या दिवशी बापूरावांना परतफेड सुचली नाही. ते फाबियसांबद्दल सांगायला लागले. मेणाचे मुखवटे, ओठावरची चामखीळ, चौकातली कपाटं. सांगता सांगता रोममधून कधी विश्वजीतवर आले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. चष्म्यावरचे बोटांचे ठसे सांगितले, मैत्रीचा फ्रॉक सांगितला. दत्तोबांनी हातातली हातोडी खाली ठेवली होती.

"मुलगा का?" त्यांनी विचारलं.

बापूरावांनी मान हलवली.

"करतो," दत्तोबा म्हणाले. "पण एक विचारू? मागे पूजा करायला कोण आहे? नाही, विचारावं लागतं. बघणारं कोणी नसलं, की लोक टाक नदीत सोडून मोकळे होतात. एवढी मेहनत करून ते बघवत नाही."

"नात आहे," बापूराव म्हणाले. बोलून गेले खरं, पण परतीच्या बसमध्ये तेच वाक्य ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले.

आठवडाभराने टाक घरी आला. लाल फडक्यात गुंडाळलेला. घोडा नेहमीचा, तलवार नेहमीची. चेहरा मात्र नेहमीचा नव्हता. मिशा नव्हत्या, आणि दत्तोबांनी बारीक खिळ्याने दोन्ही डोळ्यांभोवती दोन गोल उठवले होते, मधे नाकावर इवलीशी दांडी. डावीकडचा गोल किंचित खाली आला होता. हात चुकला होता, की दत्तोबांनी गोष्ट नीट ऐकली होती, कोण जाणे. बापूराव मुक्ताबाईंना टाक दाखवायला गेले आणि दोघंही देव्हाऱ्यासमोर बसून लहान मुलांसारखी रडली. मग मुक्ताबाई नाक पुसून म्हणाल्या, "चष्मेवाला वीर! खंडोबा काय म्हणेल?" आणि पुन्हा रडल्या.

टाक देव्हाऱ्याच्या खणात राहिला. जेजुरीला जाऊन आल्यावरच मैत्रीला दाखवू, असं बापूरावांनी ठरवलं. कधी जायचं ते अर्थातच ठरलं नव्हतं.

शनिवारी रात्री जेवताना मुक्ताबाईंनी जाहीर केलं, "उद्या दुपारी केदार जेवायला येतोय. मी बोलावलंय. तुम्हाला रोमला जायचं असलं तर खुशाल जाऊन या."

बापूराव गेले नाहीत. बारा वाजता दारात एक सावळा, किडकिडीत माणूस उभा राहिला. हातात संत्र्यांची पिशवी, आणि घाबरल्यामुळे चप्पल काढायची की आत यायचं हेच त्याला कळेना. ऋतुजा त्याच्याकडे बघतही नव्हती. तिने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"बसा," बापूराव म्हणाले. अहो-जाहो केलं की माणूस लांब राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पानं वाढली. घेवड्याची भाजी, भाकरी, आमटी, भात. मैत्री केदारच्या शेजारी जाऊन बसली. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"केदारकाका, तुला फाबियस माहितीयेत?"

"तुझ्या वर्गातले का?"

मैत्री एवढी हसली की तिला ठसका लागला. मग तिने सुरुवात केली. वेई, नदी, भावकी, गुरं. शब्द सगळे बापूरावांचे, हातवारेही त्यांचेच. "आमच्यात जमिनीच्या मोजणीला दोन चुलतभाऊ एकत्र येत नाहीत" हेही तिने ठसक्यात म्हटलं आणि मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. केदार मान वळवून ऐकत होता. त्याचं जेवण तसंच पडलं होतं. ऐकता ऐकता त्याचा हात मैत्रीच्या ताटाकडे गेला. आमटीतला कढीपत्ता त्याने बाजूला काढला, मिरचीचा तुकडा उचलून स्वतःच्या ताटात टाकला आणि भात कालवून तिच्यापुढे सरकवला. बघतसुद्धा नव्हता तिकडे. मैत्रीनेही न बघता घास घेतला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

बापूरावांचा घास हातातच राहिला. कढीपत्ता तोंडात आला की मैत्रीला मळमळतं, हे घरातल्या माणसांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आणि मग एकच मुलगा राहिला," मैत्री म्हणाली. "लहान होता म्हणून. पण त्याला जेवायला कोण घालायचं, ते आजोबांच्या पुस्तकात नाहीचे. तुला माहितीये?"

केदारने खरंच विचार केला. "नाव तर मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "पण घातलं असेल न कोणीतरी. रोज घातलं असेल. त्याशिवाय मोठा कसा झाला असता तो?"

इतकं साधं होतं! आणि बापूरावांना ते इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांनी सेनापती मोजले, लढाया मोजल्या, हॅनिबल दमवला. पण ते सगळं व्हायच्या आधी त्या पोराच्या ताटात कोणीतरी रोज वाढलं होतं. ते माणूस फाबियस होतं की नव्हतं, कोणी लिहून ठेवलं नाही. पोराने तरी कुठे विचारलं असेल? त्याला भूक लागली होती आणि समोर ताट आलं होतं. बापूरावांच्या डोळ्यांसमोर केदारच्या ताटातला तो मिरचीचा तुकडा होता.

ते पानावरून उठले. "अहो, जेवण टाकून कुठे?" मुक्ताबाई म्हणाल्या. बापूरावांनी हात धुतले, देव्हाऱ्याचा खण उघडला आणि लाल फडक्याची पुरचुंडी घेऊन आले. आता थांबायचं नव्हतं. ती त्यांनी ऋतुजाच्या हातात ठेवली.

"हा तुझ्या घरी न्यायचा," ते म्हणाले. "आधी आपण सगळे जेजुरीला जाऊ. येत्या रविवारी. केदार, तू पण यायचंस."

"बाबा, काय आहे हे?"

"टाक आहे. विश्वजीतचा. रोममध्ये काय व्हायचं माहितीये का? मोठ्या घरची मुलगी लग्न होऊन जायची ना, तेव्हा कधी कधी तिच्याबरोबर माहेरच्या पूर्वजांचे मुखवटेही जायचे. नव्या घरात तिची माणसं तिच्याजवळ असावीत म्हणून. पुस्तकात आहे. विश्वजीतनेच वाचून दाखवलं होतं."

ऋतुजाने पुरचुंडी मांडीवर ठेवली. "माहेरचे ना, बाबा? हे तर माझं सासर आहे."

"होतं," बापूराव म्हणाले. "आता माहेर."

ऋतुजाला ते पेललं नाही. ती जागच्या जागी बसून हमसून हमसून रडायला लागली. केदार उभा राहिला, काय करावं ते न कळून पुन्हा बसला. "मी पूजा करीन, बाबा," तो म्हणाला. "आमच्यात टाकाची रीत नाही, पण तुम्ही सांगून द्या, मी शिकून घेतो. आणि मैत्रीला दर रविवारी आणून सोडत जाईन. तिचं नावगाव काही बदलायचं नाही मला." मुक्ताबाई आत गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग नारळ शोधल्याचा. चार वर्षांत त्या घरात ऋतुजाची ओटी कोणी भरली नव्हती.

या सगळ्यात मैत्रीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिने खरकटा हात बाजूला धरला, दुसऱ्या हाताने आईच्या मांडीवरची पुरचुंडी ओढली आणि फडकं उलगडलं. चांदीचा तो घोडेस्वार तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला. कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ. बापूरावांना वाटलं, विचारेल आता, हे कोण म्हणून. त्यांनी सांगायची तयारीसुद्धा केली.

मैत्रीने टाक गुडघ्यावर ठेवला, फ्रॉकचं टोक बोटावर गुंडाळलं आणि ते दोन बारीक गोल खसाखसा पुसायला लागली. आधी उजवा, मग तो खाली आलेला डावा.

"किती घाण करतो हा," ती म्हणाली.